सावलीतलं लॉन बदलताना: आधी ऊन मोजा, गवत सगळ्यात शेवटी घ्या

ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नवी मुंबईत नेरूळ-खारघरला सोसायट्यांच्या बागांमधून दरवर्षी एकच प्रकार दिसतो. दिवाळीच्या सुमारास लॉन विरळ होऊ लागतं, जानेवारीत माती उघडी पडते. कमिटीत ठराव होतो, नर्सरीवाला हिरव्यागार चादरी आणून अंथरतो, दोन महिने सगळे खूश असतात, आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा तीच माती.

आमच्या सोसायटीत हे तीनदा झालं. तिन्ही वेळा जागा तीच, पर्जन्यवृक्षाखालची. गवतही तेच, 'सिलेक्शन नंबर वन', म्हणजे आपल्या हरळीच्याच जातकुळीतलं. त्याला दिवसाला सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. तिथे जेमतेम अडीच तास मिळत होतं. चौथ्या वेळी आम्ही आधी ऊन मोजलं, मग माती पाहिली आणि गवत शेवटी विकत घेतलं. ते टिकलं. तोच क्रम इथे दिला आहे. हिशेबासाठी १,००० चौरस फुटांची, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरची बाग धरली आहे.

सुरुवात कधी करायची

आपल्याकडे लागवडीला दोनच मोसम चांगले. पहिला मेअखेर ते जूनचा दुसरा आठवडा, दुसरा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर.

इमारतीच्या उत्तरेची पट्टी असेल तर पहिलाच मोसम घ्या. कारण साधं आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या जागेला वर्षभरात फक्त तेव्हाच धड ऊन मिळतं. गवताला मूळ धरायचं ते याच दिवसांत. पावसात पाणी साचणारी जागा असेल तर मात्र दुसरा मोसम पाहा, नाहीतर जुलैच्या पहिल्या मोठ्या सरीत लावलेल्या काड्या गटारात जातील.

दुसरा मोसम निवडलात तर कमिटीशी आधी बोलून घ्या. गणपतीचा मांडव आणि नवरात्रीचा गरबा याच जागेवर होणार असेल, तर लागवड दसऱ्यानंतर करा किंवा मांडव हलवा. नव्या लॉनवर नऊ रात्री गरबा झाला की ते लॉन गेलं.

भर जुलैत लावू नका. ढगांमुळे उजेड सर्वांत कमी असतो आणि माती सतत ओली राहून मुळं कुजतात.

१. ऊन मोजा

ही पायरी लोक हमखास गाळतात. "सकाळी छान ऊन असतं की तिथे" हे मी किती जणांकडून ऐकलं असेल! सकाळी आठला दिसलेलं ऊन साडेनऊला गेलेलं असतं, ते पाहायला कुणी थांबत नाही.

बागेचा साधा नकाशा कागदावर काढा. सुटीच्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला खाली जाऊन सावलीची कड पाहा आणि नकाशावर रेघ मारा. जमिनीवर चुन्याच्या फक्कीने खुणा केल्यात तर आणखी स्पष्ट दिसतं. दिवसाअखेर प्रत्येक भागाला किती तास थेट ऊन मिळालं ते लिहा.

हे काम मे महिन्यात केलंत तर आकडा फसवा येईल. ठाणे-नवी मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ४७ अंशांवर असतो, आणि तेव्हा इमारतीची सावली उत्तरेला इमारतीच्या उंचीच्या नव्वद टक्क्यांहून थोडी जास्त लांब पडते. दहा मजल्यांची, ३० मीटर उंच इमारत धरली तर सावली जवळपास २८ मीटर. तीस मजली टॉवरची ८० मीटरच्या पुढे, म्हणजे शेजारच्या सोसायटीचं लॉनसुद्धा त्यात येतं. म्हणून मोजणी डिसेंबर-जानेवारीत करा. ते जमत नसेल तर मेच्या नकाशावर हा हिशेब मांडून हिवाळ्यातल्या सावलीची कड काढा.

झाडाखालची सावली वेगळी. तिथे कवडसे असतात, तास मोजणं जमत नाही. त्यासाठी मोबाइलमधलं प्रकाश मोजण्याचं ॲप वापरा. त्याचा आकडा अचूक नसतो, पण तुलनेला पुरतो. दुपारी बारा वाजता उघड्या उन्हात एक माप घ्या आणि लगेच झाडाखाली चार-पाच ठिकाणी घ्या.

आता जागेचे तीन भाग पाडा. सहा तासांच्या वर ऊन असलेल्या भागाला आहे तेच गवत चालतं, तिथे बिघाड असेल तर तो उन्हाचा नाही. तीन ते सहा तास, किंवा झाडाखाली उघड्यावरच्या निदान एक तृतीयांश उजेड, हा सावलीत चालणाऱ्या गवताचा भाग. त्याखाली गवताचा नाद सोडा. तिथे काय लावायचं ते शेवटी सांगते.

> तपासा: तीन तासांपेक्षा कमी ऊन असलेला भाग नकाशावर वेगळा रंगवला का? रंगवला नसेल तर पुढे जाऊ नका. पैसे वाया जातात ते याच भागावर.

२. बिघाड खरंच सावलीचा आहे का?

तीन ठिकाणी फूटभर खोल खड्डा घ्या. आमच्या पहिल्याच खड्ड्यात चार इंचांखाली सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे आणि प्लास्टरचा राडारोडा निघाला. बिल्डरने वर लाल मातीचा हात फिरवला होता, इतकंच. अशा जागी सावलीचं गवत लावूनही ते वाळतंच. राडारोडा निघाला तर निदान वरचे सहा इंच साफ करावे लागतील, त्याला पर्याय नाही.

मग त्याच खड्ड्यांत पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी पातळी किती उतरते ते पट्टीने मोजा. तासाला एक इंच उतरली तर निचरा ठीक. त्याहून कमी असेल तर लागवडीआधी उताराची किंवा चराची सोय करा. गवत सावली सोसेल, पण सावली आणि डबकं दोन्ही एकदम सोसणार नाही. सावलीत माती आधीच उशिरा वाळते.

आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. एसीच्या नळ्यांचं पाणी एकाच जागी ठिबकतं का? आणि लोक गेटकडे जाताना लॉनमधून आडवी वाट काढतात का? वाट पडलेली असेल तर तिथे गवताऐवजी फरशा टाका, कारण सावलीतलं गवत पायांखाली फार टिकत नाही. वाट बंद करायला लावलेले फलक मी कुठेच पाळले गेलेले पाहिले नाहीत.

माती परीक्षण मात्र कराच. नवी मुंबईच्या बऱ्याच भागांत जमीन खाडीलगतची, भराव घातलेली आहे, आणि मातीत किंवा बोअरवेलच्या पाण्यात क्षार असतात. ठाण्याच्या येऊरकडच्या बाजूला माती सहसा आम्लधर्मी लाल असते. कोणतं गवत घ्यायचं ते यावरच ठरतं. प्रयोगशाळेत सामू (पीएच) आणि विद्युत वाहकता (डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) हे दोन आकडे मागा. वाहकता १ च्या आत असेल तर क्षारांची काळजी नाही, २ च्या वर असेल तर नाजूक गवत लावू नका. बागेला येणारं पाणी टँकरचं असो, बोअरचं असो की एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करून आलेलं), ते टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरने मोजा.

> इशारा, पोडियमच्या बागेसाठी: खाली पार्किंगचा स्लॅब असेल तर खोल खड्डे घेऊ नका, वॉटरप्रूफिंगचा थर फुटेल. सहा इंच भिजलेल्या मातीचं वजन दर चौरस मीटरला पावणेतीनशे ते तीनशे किलो भरतं. नवीन भर टाकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी होकार घ्या, आणि निचऱ्याच्या जाळ्या मोकळ्या आहेत का ते पाहा.

३. कायदेशीर मार्गाने उजेड वाढवा

झाडाच्या खालच्या फांद्या चढवून घेतल्या तर सकाळचं तिरकं ऊन आत शिरतं आणि कधी कधी एवढ्यानेच एखाद तास वाढतो. पण माळ्याला कोयता देऊन झाडावर चढवू नका. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरातल्या झाडाला, सोसायटीच्या आवारातल्यासुद्धा, हात लावण्याआधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करा. अर्जात झाडाचा फोटो, नेमक्या कोणत्या फांद्या आणि कशासाठी हे लिहा. पावसाळ्यापूर्वी या अर्जांची गर्दी होते, म्हणून फेब्रुवारीतच द्या.

शेंडा छाटून झाड बुटकं करू नका. त्यातून दाट धुमारे फुटतात आणि दोन वर्षांत सावली पूर्वीपेक्षा गडद होते. लॉनसाठी झाड तोडण्याचा विचार तर कुणी मनातही आणू नये. मे महिन्यात त्या झाडाखाली बसणाऱ्या आजी-आजोबांना विचारा.

४. गवत निवडा, नावावर विश्वास ठेवू नका

नर्सरीत नावांचा मोठा गोंधळ आहे. 'बफेलो', 'कार्पेट', 'शेड लॉन' ही नावं मी वेगवेगळ्या गवतांना लावलेली पाहिली आहेत. अमेरिकेत बफेलो ग्रास म्हणतात ते कोरड्या माळरानाचं, ऊन मागणारं गवत. ऑस्ट्रेलियात त्याच नावाने ओळखतात ते सेंट ऑगस्टीन, सावली सोसणारं. म्हणून पान हातात घेऊन पाहा.

सेंट ऑगस्टीन: रुंद, जाडसर पान, टोक नावेसारखं गोलसर. जमिनीवर सरपटणारं खोड चपटं आणि चांगलं जाड. लॉनच्या गवतांत सावली सोसण्यात हे फार वरचं, आणि क्षारही बऱ्यापैकी सोसतं. त्यामुळे खाडीकाठच्या वाशी-बेलापूरच्या बागांसाठी माझी पहिली पसंती हीच. पावसाळ्यात पानांवर बुरशीचे ठिपके येतात, ही त्याची दुखरी बाजू.

ॲक्सोनोपस: पान तितकंच रुंद, पण पातळ, फिकट पोपटी, कडा किंचित लहरी. तुरा इंग्रजी व्ही अक्षरासारखा फाटलेला. आम्लधर्मी, ओलसर मातीत आणि सावलीत छान पसरतं. पाण्याचा ताण आणि क्षार मात्र अजिबात सोसत नाही. पाण्याचा टीडीएस हजार पीपीएमच्या वर असेल तर मी याच्या वाटेला जात नाही. येऊरच्या पायथ्याच्या, मानपाड्याकडच्या लाल मातीच्या बागांना हे शोभतं.

मेक्सिकन किंवा कोरियन म्हणून मिळणारं बारीक, मऊ गवत: हे झोयशिया. हरळीपेक्षा सावली बरी सोसतं, पण या दोघांइतकी नाही. चार-पाच तास ऊन असेल तरच घ्या.

ऑनलाइन मिळणाऱ्या 'शेड मिक्स' बियांच्या पाकिटांपासून दूर राहा. त्यात बहुतेक वेळा फेस्क्यू जातीची थंड हवेची गवतं असतात. इथे ती आठ दिवसांत उगवतात, डिसेंबर-जानेवारीत सुंदर दिसतात आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात मरतात.

गवत ठरलं तरी सगळं एकदम घेऊ नका. दहा चौरस फूट आणा, नकाशावरच्या तीन वेगवेगळ्या सावल्यांत लावा आणि सहा ते आठ आठवडे पाहा. नवी पानं येतात का, सरपटणारं खोड पुढे जातं का? ज्या ठिकाणी ते नुसतंच उंच आणि पिवळट होत जातं, तिथे गवत लावायचं नाही. कमिटीला ही चाचणी दाखवली की ठरावावरची निम्मी भांडणं मिटतात.

५. जुनं गवत काढा

पहिल्या मोसमासाठी एप्रिलमध्ये हाती घ्या. आधी दिव्यांच्या वायरी आणि पाण्याच्या नळ्या कुठून जातात ते इलेक्ट्रिशियनकडून खुणा करून घ्या.

उघड्या भागात फावड्याने वरचा दीड-दोन इंचांचा थर मुळांसकट सोलून काढा. झाडाखाली फावडं, कुदळ, जेसीबी काहीच नको. झाडाची अन्न-पाणी शोषणारी मुळं बहुतांश वरच्या फुटाभरातच असतात. तिथे खुरप्याने आणि हाताने काम करा. अंगठ्याहून जाड मूळ दिसलं तर ते तसंच ठेवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी गवत लावा.

खरी डोकेदुखी लव्हाळ्याची, म्हणजे नागरमोथ्याची. नुसतं वरून उपटलं तर खालच्या गाठीतून आठवड्यात पुन्हा उगवतो. यासाठी घाई न करणं हाच इलाज. माती सोलल्यावर पाणी मारा, पंधरा दिवस थांबा, जे उगवेल ते गाठीसकट खणून काढा. पुन्हा पाणी, पुन्हा पंधरा दिवस, पुन्हा काढा. दोन फेऱ्या तरी हव्यात. या महिन्यात सदस्य विचारतात, "मोकळी माती ठेवून बसलाय काय?" त्यांना हेच सांगा. मी पहिल्या वेळी या दबावाखाली एकच फेरी केली, आणि नंतर पावसाळाभर गुडघ्यांवर बसून नव्या गवतातून लव्हाळा वेचला.

तणनाशकाचा मोह होईल. ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारच्या २०२२ च्या अधिसूचनेने परवानाधारक पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरता मर्यादित केला. मुलं आणि कुत्री फिरतात अशा बागेत, झाडांच्या मुळांवर, माळ्याच्या हातून ते मारून घेऊ नका. पारदर्शक प्लास्टिक अंथरून माती तापवण्याची युक्तीही इथे कामाची नाही. ती उन्हावर चालते, आणि आपल्या जागेला तेच कमी आहे.

> तपासा: दुसऱ्या फेरीनंतर चौरस मीटरमध्ये चार-पाचांहून जास्त लव्हाळे उगवत असतील तर तिसरी फेरी करा. गवत लावल्यावर ते काढणं दहापट कठीण.

६. माती तयार करा

वरची चार-सहा इंच माती भुसभुशीत करा (झाडाखाली फक्त दोन इंच, फोर्कने टोचून). दर चौरस मीटरला चार ते पाच किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि शंभर ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. आपल्या बागेला हे साधारण ४०० किलो शेणखत आणि ९ किलो पेंड झाली.

शेणखत कुजलेलं आहे का ते पोत्यात हात घालून पाहा. आत गरम लागलं, शेणाचा वास आला, तर परत पाठवा. कच्च्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या मुळं खाऊन टाकतात. गवताची चादर गालिच्यासारखी हाताने उचलून आली की समजावं, हुमणी आहे.

भर टाकायची असेल तर ब्रासचा (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) हिशेब आधी करा. १,००० चौरस फुटांवर दोन इंचांचा थर म्हणजे १६७ घनफूट, म्हणजे पावणेदोन ब्रासला थोडं कमी. माती बसते, म्हणून दोन ब्रास मागवा. दोन भाग लाल माती, एक भाग क्रश सँड आणि एक भाग शेणखत किंवा गांडूळखत असं मिश्रण ठीक पडतं. असा थर टाकलात तर वरचं वेगळं शेणखत वगळा. मातीची गाडी रिकामी करण्याआधी एक घमेलं चाळून पाहा, बांधकामाची माती लाल माती म्हणून सर्रास येते.

पातळी लावताना इमारतीपासून दूर, दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर उतार द्या. दोरी आणि पाण्याची लेव्हल ट्यूब पुरते. कडेच्या पेव्हरपेक्षा माती इंचभर खाली ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात माती फुटपाथवर येते.

झाडाभोवती दोन इंचांपेक्षा जास्त भर नको आणि बुंध्याला तर माती लावूच नका. बुंध्यापासून दोन-तीन फुटांचं वर्तुळ मोकळं सोडा, त्यात वाळलेला पाला पसरा. पुष्कळ बागांत गवत बुंध्यापर्यंत नेतात. तिथे ते टिकत तर नाहीच, शिवाय गवत कापायच्या यंत्राने साल सोलली जाते आणि झाडाला इजा होते.

आता पाणी मारून आठवडाभर माती बसू द्या. खड्डे पडतील ते भरा.

> तपासा: मातीवर चालून पाहा. पाऊल सेंटिमीटरभर रुतलं तर बरोबर. घोट्यापर्यंत गेलं तर रोलर फिरवा, ठसाच उमटला नाही तर पुन्हा मोकळी करा.

७. गवत मागवा आणि लावा

चादर पूर्ण अंथरायची की तुकडे लावायचे? सपाट जागेवर मी तुकड्यांच्या बाजूची आहे. स्वस्त पडतं, आणि तुकडा नव्या मातीत स्वतः मूळ धरतो. उताराच्या जागी मात्र पूर्ण चादरच घ्या, माती वाहून जात नाही.

तुकड्यांचा हिशेब असा. दोन-दोन इंचांचे तुकडे १५ सेंटिमीटर अंतरावर लावले तर चौरस मीटरला ४४ लागतात, आपल्या बागेला सुमारे ४,१००. एका चौरस फुटाच्या चादरीतून ३६ तुकडे निघतात. म्हणजे ११५ चौरस फूट चादर, वर तूट धरून १३०. गडद सावलीत गवत हळू पसरतं, म्हणून तिथे अंतर १० सेंटिमीटर ठेवा. त्या भागापुरते तुकडे सव्वादोनपट लागतील.

गाडी सकाळी मागवा आणि त्याच दिवशी लावून संपवा. गुंडाळलेल्या चादरी आत तापतात, दुसऱ्या दिवशी उघडल्या की पिवळ्या निघतात. उतरवतानाच दोन-तीन उलटून पाहा: मुळं पांढरी हवीत, लव्हाळा नको, आणि खाली प्लास्टिकचा कागद चिकटला असेल तर तो पूर्ण काढायचा. कागद तसाच ठेवून अंथरलेलं लॉन मी पाहिलं आहे, त्याची मुळं जमिनीत कधी गेलीच नाहीत.

लावताना लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात करून गेटकडे मागे मागे या. मातीवर फळी टाकून तिच्यावर बसा. माती ओलसर हवी, चिखल नको. तुकड्याच्या सरपटत्या खोडाचे निदान दोन सांधे मातीत आणि पानं वर, असं ठेवून मुठीने घट्ट दाबा. नवी मुळं सांध्यातूनच फुटतात. सांधा वर राहिला तर तुकडा वाळला म्हणून समजा. चादर अंथरत असाल तर विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवा आणि कडा एकमेकींना भिडवा.

प्रत्येक दोन-तीनशे चौरस फूट झाले की लगेच पाणी द्या, संपूर्ण बाग होण्याची वाट पाहू नका. आणि त्याच संध्याकाळी चारही बाजूंनी दोरी बांधा. सोसायटीच्या ग्रुपवर मुलांसाठी नीट निरोप टाका: क्रिकेट अडीच महिने मागच्या पार्किंगमध्ये. आमच्या मुलांनी हे मोठ्यांपेक्षा चांगलं पाळलं.

८. पहिले सहा आठवडे

पहिले दहा दिवस सकाळी आणि दुपारी, दर वेळी चौरस मीटरला तीन ते पाच लिटर. ९३ चौरस मीटरना एका वेळी साधारण २८० ते ४६५ लिटर झालं. मे महिन्यात पाणीकपात असते, त्यामुळे हे पाणी कुठून येणार ते लागवडीआधी ठरवून ठेवा. पाऊस सुरू झाला की मोजून नाही, बोट मातीत घालून द्या: पहिल्या पेरापर्यंत ओल असेल तर पाणी नको. संध्याकाळी पाणी देणं टाळा, रात्रभर ओली राहिलेली पानं बुरशीला बोलावतात.

दहाव्या-बाराव्या दिवशी चार-पाच तुकडे हलकेच ओढून पाहा. उचलून आले नाहीत तर मूळ धरलं आहे. तिथून पाणी एकदाच, मग एक दिवसाआड.

आता कापणी, जिथे सगळी मेहनत एका सकाळी वाया जाऊ शकते. आपल्या माळ्यांना हरळी इंचभर कापायची सवय असते आणि सदस्यांनाही तसंच गुळगुळीत आवडतं. सावलीतल्या गवताला उजेड कमी, म्हणून पान जास्त हवं. सेंट ऑगस्टीन साडेसात ते दहा सेंटिमीटर ठेवा, ॲक्सोनोपस पाच ते सात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कधीच कापू नका. पहिली कापणी गवताने ठरलेली उंची ओलांडल्यावरच, धारदार पात्याने, कोरड्या जमिनीवर. यंत्राच्या चाकाची खाच रंगाने खूण करून ठेवा, म्हणजे माळी बदलला तरी उंची बदलत नाही. आमच्याकडे बदली माळ्याने एकदा खालच्या खाचेवर यंत्र फिरवलं, आणि त्या पट्ट्याला सावरायला पुढचा मे उजाडला.

खत निम्मंच. उन्हातल्या लॉनला माळी जेवढा युरिया टाकतो त्याच्या अर्धा, म्हणजे १०० चौरस फुटांना एका वेळी ५० ग्रॅमपर्यंत, तोही लागवडीनंतर सहा आठवड्यांनी आणि लगेच पाणी देऊन. जुलै-ऑगस्टमध्ये युरिया पूर्ण बंद. गवत फिकट दिसलं म्हणून पावसात युरिया टाकला की पानं लुसलुशीत होतात आणि त्यांवर बुरशी बसते.

झाडाखाली पडलेली पानं आठवड्यातून दोनदा काढा, पानगळीच्या दिवसांत रोज. ओल्या पानांचा थर आठवडाभर राहिला तरी खालचं गवत पिवळं पडतं. लोखंडी पंजाने ओढू नका, खराट्याने हलक्या हाताने झाडा.

९. नकाशावर रंगवलेला भाग

तीन तासांखालच्या जागेत मोंडो ग्रास लावा. दिसायला गवत, खरं तर ते गवत नाही, कापावं लागत नाही आणि सावलीत वर्षानुवर्षं राहतं. महाग असतं, हळू पसरतं, आणि त्यावर चालता येत नाही. मोठ्या जागेसाठी र्‍हिओ, स्पायडर प्लांट किंवा नेचे स्वस्त पडतात. टॉवरच्या अगदी लगतच्या, कधीच ऊन न येणाऱ्या पट्टीत आम्ही खडी पसरून दोन बाक ठेवले. वेडेलिया मात्र लावू नका. भराभर पसरते म्हणून नर्सरीवाले सुचवतात, पण ती वर्षभरात शेजारच्या गवतावर चढते आणि मग आवरत नाही.

१०. पहिला डिसेंबर

त्याच नकाशाची प्रत घेऊन २१ डिसेंबरच्या आसपास पुन्हा एक दिवस दर तासाला खाली जा. सेंट ऑगस्टीन असो वा ॲक्सोनोपस, थंडीत वाढ मंदावते आणि रंग थोडा उतरतो, त्याची चिंता नको. पाहायचं ते इतकंच की माती कुठे उघडी पडते आहे. दोन हातांहून लहान विरळ जागा असेल तर तिथे फेब्रुवारीअखेर बागेतलेच तुकडे काढून लावा, नवं गवत विकत आणायची गरज नाही. त्याहून मोठा पट्टा उघडा पडला असेल तर तिथे उन्हाचा आकडा तीनच्या खाली आला आहे का ते पाहा, आणि आला असेल तर तो भाग मोंडोत टाका.